मागुराच्या पोटांतील कृमि

वर्षाकाळ सरून नद्यांचें पाणी निवळूं लागलें, कीं पूर्णा, काटेपूर्णा, मोर्णा, पेढी या वऱ्हाडांतील नद्यांच्या डोहांतून आणि गांवोगांवच्या तळ्यांतून भोयांच्या जाळ्यांत मरळ, शिवडा, शिंगी, मागूर हे मासे येऊं लागतात. अकोल्याच्या अगर अमरावतीच्या मासळीबाजारांत सकाळीं जाऊन जो क्षणभर उभा राहिला असेल, त्यानें एक गोष्ट खचित पाहिली असेल. मासे साफ करणारी बाई मागुराचें पोट फाडते, तेव्हां आंतड्याबरोबर कधीं कधीं पांढरट, चपटी, बोटाच्या पेराएवढी एखादी वस्तु बाहेर पडते. ती बाई तिच्याकडे पाहतही नाहीं. घाणीबरोबर तीही वस्तु टोपलींत जाते आणि तेथून मांजरांच्या वांट्याला येते. गिऱ्हाइकानें नाक मुरडलें तर बाई एवढेंच म्हणते, "किडा हाय, दुसरं काय!"

किडा आहे, हें खरें. परंतु कोणता? या एका प्रश्नाचें उत्तर देण्यासाठीं नागपूर, लंडन, जावा, कलकत्ता आणि झेक देश येथील विद्वानांनीं शंभर वर्षें खर्चीं घातलीं आहेत, आणि त्या शंभर वर्षांत उत्तर अनेकदां बदललें आहे. मासे न खाणाऱ्या वाचकासही या कथेंत रस वाटावा असें आम्हांस वाटतें. कारण ती मूळांत नांवांची कथा आहे. एखाद्या वस्तूस नांव देणें आणि ती वस्तु ओळखणें या दोन गोष्टी निराळ्या आहेत, आणि पहिलीलाच दुसरी समजल्यानें विद्येचें केवढें नुकसान होतें, तें या क्षुद्र जीवाच्या चरित्रांत जितकें स्पष्ट दिसतें तितकें थोर पुरुषांच्या चरित्रांतही क्वचितच दिसत असेल.

प्राण्यांचें व्यवस्थित वर्गीकरण करणारा स्वीडनचा पंडित लिनिअस यानें १७५८ सालीं आपल्या ग्रंथाची दहावी आवृत्ति काढली. तींत हाडें नसलेल्या मऊ अंगाच्या जवळजवळ सर्व प्राण्यांस त्यानें 'कृमि' या एकाच वर्गांत कोंबलें होतें. गोगलगाय, गांडूळ आणि आंतड्यांतील जंत हे सर्व त्याच्या दृष्टीनें एका गोत्राचे! प्राण्याच्या पोटांत कृमि येतात कोठून, हा प्रश्नही त्या वेळीं सुटला नव्हता. लिनिअसला वाटे, कीं ते पाण्यांत मोकळे राहतात आणि पिण्याच्या पाण्याबरोबर पोटांत शिरतात. डेन्मार्कच्या राजमान्य विद्वत्सभेनें या प्रश्नावर बक्षीस लाविलें, आणि तें बर्लिनच्या मार्कुस ब्लोख नांवाच्या वैद्यानें जिंकलें. त्याचा निबंध १७८२ सालीं प्रसिद्ध झाला. कृमि बाहेरून येत नाहींत, ते जन्मतःच प्राण्याच्या अंगीं असतात, असा त्याचा सिद्धान्त होता. तो चुकीचा होता हें आज शाळेंतील मुलासही ठाऊक आहे. परंतु ब्लोखचा आपल्याशीं एक निराळाच संबंध आहे. तरंगमपाडी येथील जॉन नांवाच्या मिशनऱ्यानें त्याजकडे दक्षिण हिंदुस्थानांतील मासे पाठविले. त्यांवरून ब्लोखनें १७९३ सालीं मरळीस आणि १७९४ सालीं शिंगीस शास्त्रीय नांवें दिलीं, आणि त्यांस जोडलेलें त्याचें नांव आजही चालू आहे. मासा आणि माशाच्या पोटांतील कृमि या दोन्ही विद्यांचा उगम अशा रीतीनें एकाच माणसाच्या टेबलावर झाला. पण त्या मरळीच्या पोटांत काय आहे हें पाहण्याची संधि त्यास कधीं मिळाली नाहीं.

पुढें १८०८ ते १८१० या वर्षांत रूडोल्फी यानें कृमींचा मोठा ग्रंथ लिहिला आणि त्यांचे पांच गण पाडले. गोल कृमि, कांटेरी सोंडेचे कृमि, चूषकांनीं चिकटणारे पानाच्या आकाराचे पर्णकृमि, फितीसारखे पट्टकृमि, आणि पाण्याच्या पिशवीसारखे कोशकृमि, असे ते पांच गण होत. यांतील शेवटचा गण पुढें नाहींसा झाला. १८५० नंतरच्या दशकांत क्यूखेनमाइस्टर या जर्मन वैद्यानें प्राण्यांस कोशकृमि खाऊं घालून सिद्ध केलें, कीं ते स्वतंत्र प्राणी नसून पट्टकृमींचीच बाल्यावस्था आहे. १८५८ सालीं बेल्जियमच्या व्हान बेनेडेननें पर्णकृमींतही दोन तऱ्हा दाखविल्या. कांहीं एकाच प्राण्यावर जन्म काढतात. इतरांस गोगलगाय, मासा, पक्षी असे दोन-तीन मुक्काम करावे लागतात. ज्यांस वेगळे गण मानलें ते एकाच जीवाच्या निरनिराळ्या अवस्था निघाव्या आणि ज्यांस एक मानलें त्यांत दोन कुळें निघावीं, हा प्रकार या शास्त्रांत आरंभापासूनच घडत आला आहे. वाचकांनीं एवढें ध्यानांत ठेविलें, म्हणजे पुढील हकीकत त्यांस चमत्कारिक वाटणार नाहीं.

आतां आपल्या प्रांताकडे वळूं. १९०३ पासून वऱ्हाडचा कारभार मध्यप्रांतास जोडलेला होता. १९२३ सालीं नागपूर विद्यापीठ स्थापन झालें, आणि त्याच सालीं अमरावतीस किंग एडवर्ड कॉलेज निघालें. तेंच आज विदर्भ ज्ञान-विज्ञान संस्था या नांवानें ओळखलें जातें. याच काळांत नागपूर येथें प्राणिशास्त्राचा अभ्यास करणारे एम्. ए. मोघे या महाराष्ट्रीय संशोधकानें मागुराचीं आंतडीं तपासण्यास सुरुवात केली. १९२५ सालीं केंब्रिजहून निघणाऱ्या 'पॅरासाइटॉलॉजी' या त्रैमासिकांत त्यांचा चारच पृष्ठांचा लेख आला, आणि मागुरांतील त्या पांढऱ्या कृमीस 'कॅरिओफिलियस इंडिकस' हें नांव मिळालें. विद्यापीठ स्थापन होऊन दोनच वर्षें झालीं होतीं. साधनांची टंचाई, ग्रंथालय तुटपुंजें, आणि विलायतेच्या नियतकालिकाकडे टपाल जाण्यासच कित्येक आठवडे लागत. हें ध्यानीं घेतलें म्हणजे त्या चार पृष्ठांची किंमत कळते.

हा कृमि पट्टकृमींपैकीं असून पट्टकृमींसारखा दिसत नाहीं, हीच त्याची गंमत. माणसाच्या पोटांतील पट्टकृमि शेंकडों तुकड्यांची सांखळी असते, आणि प्रत्येक तुकड्यांत नर व मादी या दोहोंचीं इंद्रियें स्वतंत्र असतात. मागुरांतील कृमींत सांखळी नाहीं, तुकडे नाहींत. सबंध शरीर एकसंध, आणि जननेंद्रियांचा संच एकच. इतर पट्टकृमींच्या डोक्यावर चूषक अगर अंकुश असतात; याचें डोकें साधें, बोटाच्या टोंकासारखें. तोंड नाहीं, आंतडें नाहीं. माशानें पचविलेलें अन्न तो सबंध अंगानें शोषून घेतो. या गणांतील कृमींचीं अंडीं माशाच्या विष्ठेबरोबर चिखलांत पडतात. तेथें गांडुळाच्या जातीचे तांबडे, दोऱ्यासारखे बारीक किडे तीं गिळतात, त्यांच्या अंगांत कृमीची पहिली वाढ होते, आणि चिखल चिवडणारा मासा तो किडा खातो तेव्हां चक्र पुरें होतें. मनुष्यास यापासून कांहीं उपद्रव नाहीं, हें मत्स्याहारी वाचकांच्या समाधानासाठीं येथेंच सांगून टाकतों.

मोघ्यांच्या लेखास वर्ष होतें न होतें तोंच त्यावर वाद उपस्थित झाला. डब्ल्यू. एन्. एफ्. वुडलंड हे पूर्वीं अलाहाबादच्या म्यूर कॉलेजांत प्राणिशास्त्राचे अध्यापक होते. या एकसंध पट्टकृमींच्या वर्गीकरणावरून त्यांचा स्वित्झर्लंडचे फूरमान व बेर यांच्याशीं खटका उडाला होता. त्यांनीं १९२६ सालीं मोघ्यांचा कृमि 'कॅरिओफिलियस' प्रजातींतून उचलून 'लायटोसेस्टस' या प्रजातींत घातला. कारण असें. कृमीच्या अंगांत लांबीच्या दिशेनें जाणारा स्नायूंचा एक थर असतो. अंड्यास पोषण पुरविणाऱ्या पीतक ग्रंथि कांहीं कृमींत या थराच्या आंत असतात, कांहींत बाहेर. आंत असतील तर एक कुल, बाहेर असतील तर दुसरें, अशी विभागणी पुढें रूढ झाली. सूक्ष्मदर्शकाखालीं पातळ छेद घेतल्याशिवाय जी खूण दिसतही नाहीं, तिजवर कुलाचें नांव ठरावयाचें होतें.

येथें मोघे यांनीं जें केलें तें आम्हांस त्यांच्या मूळ शोधाहूनही मोठें वाटतें. १९३१ सालीं त्याच त्रैमासिकांत त्यांनीं आपल्याच कृमीचें पुरवणी-वर्णन प्रसिद्ध केलें, आणि मथळ्यांतच 'लायटोसेस्टस इंडिकस' हें नवें नांव घालून आपलें जुनें नांव समानार्थी म्हणून त्याखालीं नोंदविलें. दुसऱ्यानें केलेली दुरुस्ती मान्य करण्यासाठीं पुन्हां लेख लिहिणारे संशोधक त्या काळींही थोडे होते आणि आजही थोडेच आहेत. मधल्या काळांत १९२६ सालींच डेन्मार्कच्या बोव्हीन यानें जावा बेटांतील मागुरांतून असेच कृमि वर्णिले होते, आणि १९३० सालीं टॉमस साउथवेल यांनीं ब्रिटिश हिंदुस्थानच्या प्राणिसृष्टीवरील ग्रंथमालेंत पट्टकृमींचे दोन खंड लिहून सर्व माहिती एकत्र केली होती. पाया घातला गेला होता.

त्या पायावर पुढें जी इमारत उभी राहिली तिचें स्वरूप समजण्यासाठीं जुनी पद्धति ठाऊक पाहिजे. मासा फाडून कृमि काढावा, मिठाच्या सौम्य पाण्यांत धुवावा, दोन काचपट्ट्यांमध्यें दाबून फॉर्मॅलिनमध्यें ठेवावा, कार्मिनच्या लाल रंगांत बुडवावा, मद्यार्काच्या चढत्या पायऱ्यांनीं त्यांतील पाणी काढावें, आणि शेवटीं कॅनडा बाल्समच्या थेंबांत काचेवर कायमचा बसवावा. मग कॅमेरा ल्युसिडाच्या साह्यानें त्याचें चित्र काढावें, वृषण मोजावे, अंडाशयाचा आकार लिहावा, शीर्षाची लांबीरुंदी टिपावी. हें काम डोळ्यांचें, हातांचें आणि धीराचें. वऱ्हाडांतील महाविद्यालयें १९८३ पर्यंत नागपूर विद्यापीठाशीं व नंतर अमरावती विद्यापीठाशीं जोडलेलीं होतीं. त्यांच्या प्रयोगशाळांतून, तशाच नागपूर, रायपूर, लखनौ, औरंगाबाद येथील प्रयोगशाळांतून, हें काम पिढ्यान्‌पिढ्या चाललें. मासा स्वस्त, साहित्य थोडें, आणि नवी जाति सांपडण्याची आशा मोठी. प्रबंधासाठीं याहून सोयीचा विषय कोणता?

आणि येथेंच घोटाळा झाला. जिवंत कृमि आंखडतो आणि पसरतो. आंखडलेल्याचें डोकें वाटोळें दिसतें, पसरलेल्याचें लांबट. काचेखालीं जास्त दाबला तर तो रुंद होतो. मासा मरून बराच वेळ गेला असेल तर फुगतो. वय लहान असेल तर ग्रंथि अपुऱ्या, मोठें असेल तर अंड्यांनीं झांकलेल्या. वृषणांची संख्या तर एकाच माशांतील दोन सख्ख्या कृमींतही सारखी नसते. या प्रत्येक फरकाचें निमित्त करून कोणी ना कोणी नवीन नांव दिलें. कोठें नदीचें नांव, कोठें गांवाचें, कोठें गुरूचें. मोठ्या श्रद्धेनें दिलेलीं नांवें तीं. परंतु एका मागूर माशांतील या गणाच्या कृमींचींच नांवें वाढत वाढत सुमारें साठ झालीं. मूळ नमुने ज्यांनीं त्यांनीं आपापल्या कपाटांत ठेविले. कपाट बदललें, अध्यापक निवृत्त झाले, काचपट्ट्या हरवल्या. उरलें तें छापील वर्णन आणि एक ओबडधोबड चित्र.

यांत केवळ विद्यार्थ्यांस दोष देणें अन्यायाचें होईल. ज्यास पदवीसाठीं 'नवें' कांहीं दाखवावेंच लागतें, आणि ज्यास शेजारच्या विद्यापीठांतील काचपट्टी पाहण्यास मिळत नाहीं, तो दुसरें काय करील? दोष व्यवस्थेचा होता. शोधाचें मोल नांवांच्या संख्येनें केलें गेलें आणि पडताळणीस कांहींच मोल दिलें गेलें नाहीं.

२०११ सालीं अनिर्बाण आश, टोमाश शोल्त्स, मिकुलाश ओरोस आणि प्रदीपकुमार कर या चौघांनीं हा गुंता सोडविण्याचें मनावर घेतलें. दोघे बंगालचे, दोघे युरोपचे. त्यांनीं भारत, इंडोनेशिया व थायलंड येथून नवे मागूर मिळविले, संग्रहालयांतील जितके जुने नमुने हातीं आले तितके तपासले, आणि त्या सुमारें साठ नांवांपैकीं आठच जाति खऱ्या असा निर्णय दिला. त्या आठांत बोव्हीनच्या जावांतील जाति आहेत, रायपूरच्या नांवाची एक आहे, आणि मोघ्यांचा 'लायटोसेस्टस इंडिकस'ही आहे. जवळजवळ नव्वद वर्षांपूर्वीं नागपुरास, साध्या साधनांनीं, चार पृष्ठांत केलेलें वर्णन टिकलें. आणि त्यानंतर कितीतरी अधिक साधनांनीं केलेलीं पन्नासांहून अधिक नांवें गळून पडलीं.

आतांपर्यंतची दुरुस्ती बहुतेक डोळ्यांनींच केलेली होती. याच सुमारास एक नवा साक्षीदार पुढें आला. तो म्हणजे प्राण्याच्या प्रत्येक पेशींत असलेला डी.एन.ए. याचा उपयोग कसा करतात हें सांगण्यासाठीं आम्ही वऱ्हाडांतीलच एक दृष्टान्त घेतों. अमरावती जिल्ह्यांतील ऋद्धिपूर हें महानुभावांचें थोर क्षेत्र. तेथेंच म्हाइंभटानें श्रीचक्रधरांच्या आठवणी जाणत्यांस विचारून गोळा केल्या आणि 'लीळाचरित्र' सिद्ध केलें. पुढें त्या पोथीच्या नकला झाल्या, नकलांच्या नकला झाल्या, आणि प्रत्येक लेखकानें कोठें अक्षर गाळलें, कोठें बदललें. पाठभेदांचा अभ्यास करणारा पंडित या चुकांवरच भिस्त ठेवतो. दोन पोथ्यांत एकाच ठिकाणीं एकच चूक सांपडली, तर त्या दोन्ही एकाच मातृकेवरून उतरल्या असें तो अनुमान करतो. आणि अशा शेंकडों चुका जुळवून कोणती पोथी कोणत्या पोथीची लेक, हा वंशवृक्ष मांडतो.

डी.एन.ए. ही चार अक्षरांची पोथी आहे. मायबापांपासून लेंकरांकडे तिची नक्कल होते आणि नक्कल होतांना क्वचित् एखादें अक्षर बदलतें. १९८३ सालीं केरी मुलिस यानें तिचा इष्ट तेवढा तुकडा परीक्षानळींत लक्षावधि पटींनीं वाढविण्याची युक्ति शोधून काढली, आणि तेव्हांपासून कृमीच्या अंगाचा तिळाएवढा कण मिळाला तरी त्याची पोथी वाचतां येऊं लागली. पेशींतील प्रथिनें जेथें तयार होतात त्या कणांची घडण सांगणारीं कांहीं जनुकें फार सावकाश बदलतात. त्यांवरून कुलें व गण यांचें नातें ठरवितात. पेशींतील श्वसनाच्या कणिकांचीं जनुकें झपाट्यानें बदलतात. त्यांवरून जवळच्या जातींतील भेद ओळखतात.

पाठभेदाच्या पंडितास एक धोका ठाऊक असतो. कांहीं चुका इतक्या सहज होणाऱ्या असतात, कीं दोन लेखक एकमेकांस न पाहतां त्याच करतात. अशा चुकीवरून नातें ठरविलें तर फसगत होते. पीतक ग्रंथि स्नायूंच्या आंत कीं बाहेर, या खुणेचें नेमकें हेंच झालें. जनुकांवरून वंशवृक्ष मांडला गेला तेव्हां दिसून आलें, कीं त्या खुणेवर उभारलेलीं कुलें एकरक्ताचीं नाहींत. एकाच कुलांत घातलेले कृमि वृक्षाच्या दूरदूरच्या फांद्यांवर बसले होते. ग्रंथि स्नायूंच्या आंत-बाहेर होण्याचा प्रकार एकमेकांपासून स्वतंत्रपणें अनेकदां घडला होता. २०२१ सालीं शोल्त्स व त्यांचे सहकारी यांनीं प्रसिद्ध केलेल्या मोठ्या अभ्यासांत तर कृमीच्या अंगरचनेपेक्षां तो कोणत्या माशांत व कोणत्या भूखंडांत राहतो, यावरूनच त्याचें खरें गोत्र अधिक चांगलें कळतें असें ठरलें. ज्या छेदावरून वुडलंड आणि स्विस पंडित भांडले, तो छेद खरा होता. पण त्यावर ठेविलेलें ओझें त्यास पेलण्याजोगें नव्हतें.

जनुकशास्त्रानें आणखी एक विलक्षण गोष्ट उजेडांत आणली. कार्प माशांतील या गणाच्या एका कृमींत गुणसूत्रांचे दोन संच असावयाचे तेथें तीन असतात, म्हणजे एकूण चोवीस. त्यामुळें त्याचें वीर्य निष्फळ होतें आणि अंडें फलनावांचूनच वाढतें. ज्यांचा परस्परांत संकर होतो ती एक जाति, ही पाठ्यपुस्तकांतील व्याख्या अशा जीवास लावावी तरी कशी? त्याची प्रत्येक पिढी ही आईचीच प्रत होय.

नवी विद्या नांवें कमीच करते असें मात्र कोणीं समजूं नये. शिवडा माशाच्या वाताशयांत, म्हणजे ज्या हवेच्या पिशवीनें तो पाण्यांत तोल सांभाळतो तिच्यांत, एक मोठा, मांसल पर्णकृमि राहतो. १८९८ सालीं बिले यानें टोंकिनमधून त्याच्या कुळाचें पहिलें वर्णन केलें, १९१३ सालीं साउथवेल यांनीं हिंदुस्थानांतील कृमीस 'आयसोपरॉर्किस' ही प्रजाति दिली, आणि नंतर हिंदुस्थानपासून जपानपर्यंतचे सारे कृमि एकाच जातीचे मानण्याचा प्रघात पडला. २०१४ सालीं जपान, ऑस्ट्रेलिया, रशिया व व्हिएतनाम येथील अभ्यासकांनीं अंगरचना आणि डी.एन.ए. ही दोन्ही तपासून दाखविलें, कीं जपानांतील कृमि ही निराळीच जाति आहे, आणि तिला कोबायाशी यानें १९१५ सालींच दिलेलें, पुढें बाजूस सारलेलें नांव परत दिलें. मागुराच्या कृमींत साठांचे आठ झाले; शिवड्याच्या कृमींत एकाचे अनेक झाले. सत्य कमी नांवांच्या बाजूसही नसतें आणि जास्त नांवांच्या बाजूसही नसतें. तें पडताळणीच्या बाजूस असतें.

या सर्व गडबडींत खुद्द माशाचें नांवही जागच्या जागीं राहिलें नाहीं, ही या कथेंतील सर्वांत मौजेची गोष्ट. मोघ्यांनीं, बोव्हीननें आणि इतर सर्वांनीं भारतांतील मागुरास 'क्लॅरियस बॅट्रॅकस' म्हटलें. लिनिअसनें दिलेलें हें नांव ज्या माशास लागू, तो जावांतील आहे असें २००८ सालीं दोन मत्स्यशास्त्रज्ञांनीं निश्चित केलें, आणि भारतीय माशास 'क्लॅरियस मागुर' हें नांव परत मिळालें. फ्रान्सिस हॅमिल्टन यानें १८२२ सालीं गंगेच्या माशांवरील ग्रंथांत बंगाली कोळ्यांच्या तोंडचेंच नांव घेऊन तें बनविलें होतें. म्हणजे विद्वान् ज्यास दोनशें वर्षें परक्या नांवानें हांक मारीत होते, त्याचें खरें नांव त्यास पकडणाऱ्यास पहिल्यापासून ठाऊक होतें.

जनुकांच्या साक्षीवर आंधळा विश्वास ठेवणें हेंही तितकेंच घातक. फॉर्मॅलिनमध्यें ठेविलेल्या कृमीचा डी.एन.ए. इतका बिघडतो, कीं जुन्या काचपट्ट्यांतून तो वाचणें बहुधा शक्य होत नाहीं. मद्यार्कांत ठेविला तर तो टिकतो, पण अंगरचना तितकी सुबक राहत नाहीं. शिवाय अक्षरांची माळ स्वतःचें नांव सांगत नाहीं. ती कोणत्या कृमीची, हें ज्यानें तो कृमि डोळ्यांनीं ओळखला त्याच्यावरच अवलंबून. त्यानें चूक केली तर जागतिक संग्रहांत ती माळ चुकीच्या नांवाखालीं कायमची जाऊन बसते, आणि पुढील प्रत्येकजण तिच्याशीं आपली माळ जुळवून तीच चूक पुन्हां करतो. म्हणून आतां चांगली पद्धति अशी मानतात : कृमि जिवंत असतांनाच गरम फॉर्मॅलिननें ताठ करावा, म्हणजे तो आंखडत नाहीं, परंतु त्याआधीं त्याच्या अंगाचा एक लहान तुकडा कापून मद्यार्कांत ठेवावा. तुकड्याची जनुकें वाचावीं, उरलेल्या शरीराचें चित्र काढावें, आणि दोन्ही एकाच क्रमांकाखालीं सार्वजनिक संग्रहालयांत द्यावीं. इ. स. २००० पासून तर नव्या जातीचा मूळ नमुना कोणता व तो कोठें ठेवला आहे हें स्पष्ट न सांगितल्यास प्राणिनामांच्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणें तें नांवच ग्राह्य धरीत नाहींत. कलकत्त्याचें भारतीय प्राणिसर्वेक्षण १९१६ पासून अशा ठेवी सांभाळण्याचेंच काम करीत आहे.

हा प्रश्न आतां पुस्तकी राहिलेला नाहीं. आमचा देशी मागूर जागतिक निसर्गसंरक्षण संघाच्या यादींत संकटग्रस्त म्हणून नोंदला गेला आहे. त्याच्या नांवानें जो मासा ठिकठिकाणीं चोरून पोसतात, तो आफ्रिकेंतील खादाड 'थाई मांगूर', आणि त्याच्या पैदाशीस सरकारनें बंदी घातलेली आहे. परका मासा आपल्याबरोबर आपले कृमि आणतो, आणि देशी मासा गेला तर त्याच्या पोटांतील देशी कृमीही जातात. कोणता कृमि आमचा आणि कोणता पाहुणा, हें सांगण्यासाठीं आधीं आमच्या नदींतील कृमींची खात्रीची यादी हवी. तळ्यांत मासे पोसणाऱ्या शेतकऱ्यासही तीच हवी; कारण एका कृमीचें चक्र चिखलांतील किड्यावर चालतें तर दुसऱ्याचें गोगलगायीवर, आणि कोणाचा बंदोबस्त करावयाचा हें नांवावरूनच ठरतें.

म्हणून वऱ्हाडांतील महाविद्यालयांस आमची एक साधी विनंती आहे. पुढील दहा वर्षें नव्या जातीचें एकही नांव दिलें नाहीं तरी चालेल. पूर्णा, मोर्णा, पेढी, वर्धा यांतील प्रत्येक माशाचे कृमि एकदां नीट गोळा व्हावे. प्रत्येक बाटलीवर नदी, गांव, तारीख आणि माशाचें स्थानिक नांव स्पष्ट लिहिलेलें असावें. आणि जुन्या काचपट्ट्या ज्यांच्या कपाटांत असतील त्यांनीं त्या संग्रहालयाकडे पाठवाव्या. मागें दिलेलें एखादें नांव चुकीचें निघालें तर तें तसें लिहून प्रसिद्ध करण्यास विद्यार्थ्याला पदवी मिळावी. मोघ्यांनीं १९३१ सालीं पदवीच्या आशेवांचून तेंच केलें होतें.

मासळीबाजारांतील ती बाई उद्यांही तो पांढरा किडा टोपलींत फेकील. तिला त्याचें नांव नको आहे, आणि तिचें त्यावांचून कांहीं अडतही नाहीं. ज्यांचें अडतें त्यांनीं मात्र सकाळीं लवकर उठून, हातांत मद्यार्काची बाटली घेऊन, तिच्या शेजारीं जाऊन बसावयास हवें.